आबांचा उजवा हात

चि. बाळास,


आबांना लकवा होऊन महिना झाला, आता दवाखान्याच्या खेपा बंद करून घरीच मालिश आणि व्यायाम करू, वहिनी सगळं बघते, असं तू कळवलंस. वहिनीच्या सेवेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण तेवढ्यावर विसंबू नकोस.

हे आपल्याच देशात तपासून झालंय. 2014 ते 2016 या काळात भारतातल्या 14 रुग्णालयांत लकव्याच्या 1250 रुग्णांवर ‘अटेंड’ नावाचा अभ्यास झाला. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच होते. त्यातल्या निम्म्या रुग्णांच्या घरच्यांना मात्र व्यायाम कसा करून घ्यायचा तेही शिकवलं. सहा महिन्यांनी पाहिलं, तर दोन्ही गटांत शंभरातले 47 जण एक तर दगावलेले, नाहीतर दुसऱ्याच्या आधारावर जगणारे. 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं, तेव्हा आम्हा फिजिओथेरपीवाल्यांना वाईट वाटलं. खेड्यापाड्यांत थेरपिस्ट नाही, तिथे घरचं माणूस ती उणीव भरून काढेल अशी आमची फार आशा होती. मी त्यातून एवढंच घेतलं, की माया आहे म्हणून थेरपिस्टचं काम घरच्या बाईच्या गळ्यात घालू नये. दोघंही लागतात.

आबांना उजवं मनगट आणि बोटं थोडी तरी वर उचलता येतात का, हे थेरपिस्टकडून बघून घे. येत असतील तर पुष्कळ करता येईल. अमेरिकेत 222 रुग्णांचा अभ्यास झाला, त्यातल्या जवळपास निम्म्यांच्या चांगल्या हातावर मोजा चढवून दोन आठवडे अधू हातानेच कामं करून घेतली. त्यांचा हात बाकीच्यांपेक्षा जास्त सुधारला, आणि वर्षभरानंतरही तो फरक टिकून होता. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातल्या माणसांना लकवा होऊन तीन ते नऊ महिने उलटले होते. म्हणजे महिन्याभरात हात आला नाही म्हणून आशा सोडायची नाही. मात्र आपल्या मनाने आबांचा डावा हात बांधून ठेवू नकोस, तोल गेला तर सावरायला तोच आहे.

घरी त्यांना कामाला लावा. परातीत भुईमुगाच्या शेंगा ओता आणि आबांना उजव्या हाताने एकेक उचलून वाटीत टाकू द्या. शेंग निसटेल, खांदा वर चढेल, आबा चिडतील. तरी वहिनीने ती उचलून द्यायची नाही. वाटी भरली की पुन्हा परातीत ओतायची. असं रोज, शेकड्यांनी व्हायला हवं. नुसतं तेल चोळून मेंदूला हा सराव मिळत नाही.

खाटेवरून उठवताना लुळा हात धरून ओढू नका. खांदा सांध्यातून खाली उतरतो, आणि एकदा तो दुखायला लागला की माणूस हाताला हात लावू देत नाही. बसल्यावर त्या हाताखाली उशी ठेवा. रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. दुसरा झटका पहिल्यापेक्षा वाईट असू शकतो. आबा मध्येच रडतात, त्याला हट्ट म्हणू नका. लकव्यानंतर मन खचणं हाही आजाराचाच भाग आहे आणि त्यावर औषध आहे, तेही डॉक्टरांना सांग. कबुतराचं रक्त चोळायला सांगणारे भेटतीलच, त्यांच्या नादी लागून हे महिने वाया घालवू नकोस.

आबांना आषाढीला मुक्ताईच्या पालखीबरोबर चालायचंय, ठाऊक आहे मला. त्यांना नाही म्हणू नकोस. आधी ओट्यापासून फाटकापर्यंत, मग कोथळीच्या जुन्या मंदिरापर्यंत, असं ठरवा.

केळीची कापणी चालू आहे, गाडी मोकळी नाही, हे कारण मी ऐकणार नाही. येत्या सोमवारी सगळे रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन आबांना जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ने. वहिनीलाही सोबत घे आणि काय सांगितलं ते मला त्याच दिवशी फोनवर कळव.

तुझी आत्या