ज्याच्याकडे त्याची फाइल नाही

बीड-लातूरकडचा मुलगा शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवडला जातो आणि मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळेवर त्याची ऑर्डर निघते. गावकरी हार घालतात, केंद्रप्रमुख चार शब्द बोलतात. दुसऱ्या दिवसापासून वर्गात तो एकटाच. समोर कोरकू बोलणारी मुलं. कोरकू मुंडा कुळातली, मराठीच्या नात्यातली नव्हे. डी.एड.ला पाठ केलेलं ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे सूत्र इथं अडतं. मुलांना काय ज्ञात आहे हेच सरांना ठाऊक नसतं.

आपल्याकडे मदत म्हणजे प्रशिक्षण. तालुक्याला बोलवायचं, हजेरीपत्रकावर सही घ्यायची. नवख्याचे खरे प्रश्न तिथं विचारण्याजोगे नसतात. खोली कुणाकडे मिळेल? पोषण आहाराचा तांदूळ कमी भरला तर नोंदवहीत काय लिहू? दिवाळीनंतर आईबापांबरोबर कामावर गेलेली मुलं होळीला परततील, तोवर हजेरी कशी मांडू? केंद्रप्रमुखांना विचारावं, तर अहवाल लिहिणारेही तेच. त्यात पहिली तीन वर्षं तो शिक्षणसेवक. 2023मध्ये मानधन 6 हजारांवरून 16 हजार झालं, पण कायम होईपर्यंतची धाकधूक तशीच. असा माणूस गप्प राहायला लवकर शिकतो.

त्याला हवा असतो शेजारच्या गावात मुरलेला एखादा शिक्षक, ज्याच्याकडे त्याची फाइल नाही. अशा शिक्षकाला या कामासाठी वेळ आणि प्रवासभत्ता रीतसर मिळावा. नुसत्या चांगुलपणावर ते फार दिवस चालत नाही. भाषेसाठी मात्र लांब जायला नको. खिचडी शिजवणाऱ्या ताई रोज शाळेतच असतात, फक्त त्यांना विचारायचं सरांना सुचत नाही.

आदिवासी मुलांना शिकवणाऱ्या अनुताई वाघांचा त्याग आपण भाषणांतून सांगतो. 1945मध्ये त्या बोर्डीला गेल्या, तेव्हा शिकवण्याचा बराच अनुभव त्यांच्या गाठीशी होता. तरीही सोबतीला ताराबाई मोडक होत्या, हे भाषणात राहून जातं. एकट्याने झगडणारा शिक्षक आपल्याला आवडतो. त्याला पुरस्कार दिला की सोबत द्यावी लागत नाही.

आणि एक. शाळेतला तरुण म्हणून यू-डायसपासूनची सगळी ऑनलाइन माहिती त्याच्याच गळ्यात पडते. रेंज शोधत तो टेकडीवर, वर्ग वाऱ्यावर. पहिलं वर्षभर तरी ते काम मुख्याध्यापकांनी स्वतःकडे ठेवावं. त्यांना जमत नसेल, तर गटसाधन केंद्रातल्या कुणी येऊन करावं.