किल्ली कोणाच्या हाती?

काही वर्षांपूर्वी आमच्या हातून एक चूक घडली. रविवारच्या मिस्साआधी एका भल्या बाईंनी आमच्या हाती चिठ्ठी दिली. धर्मग्रामातील एका मुलीवर अत्याचार झाला होता. ती इस्पितळात होती. तिच्यासाठी प्रार्थना व्हावी, एवढीच त्यांची इच्छा होती. आम्ही नाव गाळले आणि श्रद्धावंतांच्या प्रार्थनांत ‘मोठ्या संकटातून गेलेल्या, इस्पितळात असलेल्या आपल्या एका लेकीसाठी’ असे शब्द उच्चारले. नाव घेतले नाही याचे आम्हांस समाधानही वाटले. मिस्सा संपली, मंडळी आवारात आली आणि ‘कोण हो ती?’ हा प्रश्न घोळक्याघोळक्यातून फिरू लागला. त्या दिवशी कोणते कुटुंब आपल्या बाकावर नव्हते, हे आठवायला कितीसा वेळ लागणार? सायंकाळपर्यंत घर निश्चित झाले होते. आठवड्याने मुलीचे वडील आमच्याकडे आले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘फादर, आता ती खिडकीसुद्धा उघडत नाही.’

प्रार्थनेनेही माणूस उघडा पडू शकतो, हे सेमिनरीत आम्हांस कोणी शिकविले नव्हते.

एखाद्या स्त्रीवर अत्याचार होतो तेव्हा तिच्या इच्छेवाचून तिच्यावर सत्ता गाजविली जाते. पुढे तिची कहाणी तिला न विचारता चावडीवर, बाजारात, वर्तमानपत्रात फिरू लागली, तर तोच अपराध निराळ्या रूपाने पुन्हा घडतो. या वेळी करणारे हात आपले असतात. शिवाय हा प्रश्न केवळ मानहानीचा नाही, सुरक्षिततेचाही आहे. बहुतांश प्रकरणांत आरोपी हा पीडितेच्या ओळखीचाच असतो, असे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. ती कोणत्या वाटेने शाळेत जाते, साक्षीला कोणत्या दिवशी जाणार आहे, कोणत्या नातलगाकडे राहिली आहे, हे गावाला कळले म्हणजे त्यालाही कळले. मग तडजोडीचे निरोप येतात. निरोपांनी भागले नाही तर धमक्या येतात.

आपल्या देशाच्या कायद्याला हे उमजण्यास वेळ लागला, आणि त्याची कथा महाराष्ट्रातूनच सुरू होते. 1972 साली त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच अत्याचार झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघा पोलिसांना दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली त्यांना सोडून दिले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणून तिचा प्रतिकार खरा मानला गेला नाही. 1979 साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले, स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि 1983 साली कायदा सुधारला. त्याच सुधारणेने भारतीय दंड संहितेत 228-अ हे कलम आले. पीडितेची ओळख प्रसिद्ध करणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा ठरला, आणि अशा खटल्यांची सुनावणी बंद दाराआड होऊ लागली.

येथे एक गोष्ट मनाला बोचते. ज्या खटल्यातून हा कायदा जन्मला, तो खटला आजही त्या मुलीच्या नावानेच ओळखला जातो. पुढच्या सर्व लेकींची नावे झाकली गेली. तिचे मात्र उघडेच राहिले. ते नाव आम्ही येथे लिहीत नाही.

2018 साली सर्वोच्च न्यायालयाने याहून पुढचे पाऊल टाकले. नावच नव्हे, तर जिच्यावरून ओळख पटू शकेल अशी कोणतीही माहिती प्रसिद्ध करू नये, असे त्याने बजाविले. आमच्या त्या रविवारच्या प्रार्थनेवर याहून नेमका अभिप्राय दुसरा नसेल. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम 72 म्हणून आली आहे. त्यातील एका पोटकलमाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो: पीडिता स्वतः, किंवा तिच्या लेखी संमतीने दुसरा कोणी, तिची ओळख प्रकट करू शकतो. म्हणजे कायद्याने दार बंद केले आणि किल्ली तिच्या हाती दिली. आमच्या मते या विषयाचे सारे नीतिशास्त्र त्या एका किल्लीत आहे.

कारण गुप्तता हा शब्द दुधारी आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दावीद राजाची कन्या तामार हिच्यावर तिचा सावत्र भाऊ अम्नोन अत्याचार करतो. सख्खा भाऊ अबशालोम तिला गप्प राहण्यास सांगतो. राजा संतापतो, पण करीत काहीच नाही. तामार भावाच्या घरी उजाड होऊन राहते. दोन वर्षांनी अबशालोम सूड घेतो. पण तिला विचारून नव्हे. ‘घराण्याची अब्रू’ म्हणून आपण जे दडपतो ते तामारचे मौन असते. तिथे किल्ली अत्याचार करणाऱ्याच्या घरच्यांकडे असते.

आमच्या ख्रिस्तसभेनेही हे केले आहे, आणि ते मान्य केल्यावाचून या विषयावर लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही. धर्मगुरूंकडून झालेल्या लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांत गुप्ततेने पुष्कळदा पीडितांऐवजी संस्थेला झाकले. 17 डिसेंबर 2019 रोजी पोप फ्रान्सिस यांनी अशा प्रकरणांवरील ‘पोंटिफिकल सिक्रेट’ उठविले आणि तक्रार करणारा, पीडित व साक्षीदार यांच्यावर मौनाचे बंधन घालता येणार नाही, असे स्पष्ट केले. पीडिताचे नाव जपणे हे कर्तव्य राहिले. त्याचे तोंड बंद करण्याचा हक्क मात्र गेला.

कोणी म्हणेल, नावगाव कळल्याखेरीज समाज जागा कसा होणार? डिसेंबर 2012 मध्ये दिल्लीतील एका तरुणीसाठी हजारो लोक रस्त्यावर उतरले. बहुतेकांना तिचे खरे नाव ठाऊक नव्हते. लोकांनी तिला ‘निर्भया’ म्हटले. त्या क्षोभातून 2013 साली कायदा बदलला. न्यायाला माहिती लागते, आणि ती पोलिसांकडे व न्यायालयाकडे गेलीच पाहिजे. पीडित बालक असेल तर ती तेथे पोहोचविणे 2012 च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. चावडीला जी लागते ती निराळी वस्तू. तिचे नाव कुतूहल.

मत्तयच्या शुभवर्तमानात संत योसेफ यांना नीतिमान म्हटले आहे. मरियेविषयीचे सत्य त्यांना अजून कळले नव्हते. तरीही तिची लोकांत बेअब्रू होऊ नये, हे त्यांनी आधी ठरविले. देवदूत नंतर आला. सारे समजण्यापूर्वीच समोरच्याला जपणे, ही त्यांची नीतिमत्ता होती. आपल्यालाही याहून अधिक काही करावयाचे नाही. ‘कोण ती?’ असे विचारू नये. तिला हवे असेल तर इस्पितळात, पोलीस ठाण्यात सोबत जावे. आणि कोणाला काय सांगायचे, हे तिला विचारावे.

आरंभीचा प्रसंग छापण्यापूर्वी आम्ही त्यातील स्थळकाळाच्या खुणा बदलल्या आणि संपूर्ण लेख तिला वाचावयास दिला. आता ती प्रौढ आहे. चार दिवसांनी तिने कागद परत पाठविले. छापण्यास तिची हरकत नव्हती. दोन वाक्ये तेवढी तिने खोडली होती. ती येथे नाहीत.