गुन्हा सरकारचा, अर्ज सैनिकाचा

अमेरिकेचे संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी जून 2025 मध्ये नौदलाच्या एका तेलवाहू जहाजावरून हार्वी मिल्क यांचं नाव उतरवलं. नवं नाव मिळालं ऑस्कर पीटरसन यांचं. कोरल समुद्रातल्या 1942 च्या लढाईतल्या पराक्रमाबद्दल पीटरसन यांना मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर मिळालं होतं. त्यांच्या शौर्याविषयी दुमत असण्याचं कारण नाही. जहाजांच्या नावांमधून आपण राजकारण काढून टाकतो आहोत, असं हेगसेथ म्हणाले. जूनमध्ये अमेरिकेत समलिंगींचा 'प्राइड' महिना असतो. राजकारण बाहेर काढायला त्यांना नेमका हाच मुहूर्त सापडला!

मिल्क यांना जग ओळखतं ते सॅन फ्रान्सिस्कोचे उघडपणे समलिंगी असलेले आणि 1978 मध्ये गोळ्या घालून मारले गेलेले लोकप्रतिनिधी म्हणून. त्याआधी, कोरियन युद्धाच्या काळात, ते नौदलात पाणबुडी-बचाव जहाजावर अधिकारी होते. 1955 मध्ये त्यांच्यापुढे दोनच रस्ते ठेवले गेले: कोर्ट मार्शल किंवा राजीनामा. त्यांनी राजीनामा दिला आणि 'सन्मानाव्यतिरिक्त' असा शेरा असलेला कागद घेऊन ते बाहेर पडले. 2021 मध्ये त्यांच्या नावाचं जहाज पाण्यात उतरलं, तेव्हा हा शेरा सुधारण्याची तयारी नौदलाने दाखवली होती. पुतणे स्टुअर्ट मिल्क यांनी ती नाकारली. काकांना सन्मानाने वागवलं गेलं नाही हे खरं आहे, तर कागदावरही ते तसंच राहू द्या, अशी त्यांची भूमिका होती.

या नकारामागे एक जुना आणि चिवट युक्तिवाद आहे. जो बायडन यांनी 26 जून 2024 रोजी काढलेल्या माफीच्या घोषणेला तो फार बोचतो.

लष्करी संहितेच्या जुन्या कलम 125 खाली, परस्परसंमतीच्या संबंधांसाठी 1951 ते 2013 या काळात ज्यांना शिक्षा झाली, त्यांना बायडन यांनी माफी दिली. पण माफी कोणाला देतात? ज्याने गुन्हा केला त्याला. हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर 1915 मध्येच आला होता. 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'चे शहर-संपादक जॉर्ज बर्डिक बातमीचा स्रोत सांगायला तयार नव्हते. बोललो तर मीच गुन्ह्यात अडकेन, ही त्यांची ढाल होती. ती काढून घेण्यासाठी अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी त्यांना न मागितलेली माफी देऊ केली. बर्डिक यांनी ती सरळ परत केली. न्यायालय त्यांच्या बाजूने उभं राहिलं आणि म्हणालं की माफीत दोषाचा आरोप गृहीत असतो आणि ती स्वीकारणं म्हणजे दोषाची कबुली. या निकालाचा पुढे गमतीदार उपयोग झाला. माजी अध्यक्ष निक्सन यांना माफी दिल्यानंतर त्यांच्या जागी आलेले जेराल्ड फोर्ड या निकालातला उतारा पाकिटात घेऊन फिरत. निक्सननी माफी घेतली म्हणजे गुन्हा कबूल केला, असं टीकाकारांना दाखवायला!

म्हणजे ज्या तर्काने निक्सन दोषी ठरतात, त्याच तर्काने आपल्या जोडीदारावर प्रेम केलेला सैनिकही दोषी ठरतो. इतर देशांना ही अडचण दिसली होती. जर्मनीने 2017 मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 175 खालच्या शिक्षा सरळ रद्दबातल केल्या आणि 2021 मध्ये आपल्या सैनिकांसाठी वेगळा भरपाईचा कायदा केला. कॅनडानेही 2018 च्या कायद्याने माफीऐवजी नोंदच पुसायची सोय केली. ब्रिटनमध्ये समलिंगी संबंधांबद्दल शिक्षा झालेले गणितज्ञ अॅलन ट्यूरिंग यांना 2013 मध्ये मरणोत्तर माफी मिळाली. पण जॉर्ज माँटेग्यू नावाचे वृद्ध गृहस्थ, त्यांनाही तसल्याच कायद्याखाली शिक्षा झालेली, हटून बसले: मला माफी नको, सरकारनेच माझी माफी मागावी.

इथपर्यंत स्टुअर्ट मिल्क आणि माँटेग्यू यांचंच बरोबर वाटतं. पण बाणेदारपणा कोणाला परवडतो, हेही पाहायला हवं. हार्वी मिल्कना आता दवाखान्याचं कार्ड लागत नाही. सत्तरी-ऐंशीतल्या जिवंत माजी सैनिकाला लागतं. अमेरिकेत सैन्यातून बाहेर पडताना 'डीडी-214' नावाचा कागद मिळतो. नोकरी देणारा तो मागतो आणि घरकर्ज, शिक्षण, उपचार, लष्करी दफनभूमीतली जागा, सगळं त्यावर अडतं. त्यात सेवेचा दर्जा तर असतोच, पण बाहेर पडण्याच्या कारणाचाही रकाना असतो आणि कित्येकांच्या रकान्यात 'समलैंगिक वर्तन' किंवा 'समलैंगिकतेची कबुली' असं छापलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात अशांना काढून टाकतानाचा कागद निळ्या रंगाचा असे. सन्मानही नाही आणि बदनामीही नाही, असं त्याचं अधिकृत स्वरूप होतं. प्रत्यक्षात माजी सैनिक खात्याने निळ्या कागदवाल्या समलिंगींना 1944 च्या जीआय कायद्याचे लाभ नाकारले. कृष्णवर्णीय सैनिकांच्या हाती हा कागद त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी जास्त पडला आणि 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या पत्राने त्याविरुद्ध मोहीमच उघडली.

अशा माणसाला बर्डिकचा निकाल ऐकवणं म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचं माहात्म्य सांगणं. शिवाय 2021 मध्ये एका अपील न्यायालयाने, माफी घेतली म्हणून कबुली दिली असं होत नाही, असं म्हणून तो जुना धागा सैल केलाच आहे. तेव्हा माफी हवीच. वाद घालायचा तर तिच्या वाटपावर घालावा.

बायडन यांची माफी जाहीर झाली, तरी तिचं प्रमाणपत्र आपोआप येत नाही. आधी त्यासाठी अर्ज. ते हाती आलं की सेवेचा दर्जा सुधारून घ्यायला लष्कराच्या दुरुस्ती मंडळाकडे दुसरा अर्ज. मग लाभांसाठी माजी सैनिक खातं. ज्यांना कोर्ट मार्शल न करता नुसतंच काढून टाकलं, त्यांच्यावर शिक्षेचीच नोंद नाही, म्हणून माफीही नाही. मिल्क यांच्यासारखे राजीनामेवाले याच गटातले, आणि हाच गट मोठा. काहीजण म्हणतात, तेव्हाचा कायदाच तसा होता, सरकार तरी काय करणार? सरकार काय करू शकतं, हे पेंटागॉननेच दाखवून दिलं. समलिंगी सैनिकांविषयीच्या 'विचारू नका, सांगू नका' या 1993 ते 2011 च्या धोरणाखाली काढलेल्या सुमारे साडेतेरा हजार जणांपैकी ज्यांना सन्मानाचा दर्जा नव्हता, त्यांच्या फायली त्याने स्वतःहून उघडल्या आणि ऑक्टोबर 2024 मध्ये, तपासलेल्या 851 प्रकरणांपैकी जवळपास 97 टक्के प्रकरणांत दिलासा दिल्याचं जाहीर केलं. त्यांना एकही फॉर्म भरावा लागला नव्हता. फायली सरकारच्याच कपाटात होत्या. मग 1993 च्या आधीच्यांनी काय पाप केलं? आधीच्यांसह हजारो जणांच्या वतीने लढवलेल्या 'फॅरेल' खटल्यात 2025 मध्ये तडजोड झाली, तीही सरकार कोर्टात खेचलं गेल्यावर.

ब्रिटनने उशिरा का होईना, पैशाचा आकडा सांगितला. निवृत्त न्यायाधीश लॉर्ड एथर्टन यांच्या 2023 च्या अहवालानंतर पंतप्रधान सुनक यांनी संसदेत माफी मागितली. समलिंगी म्हणून बडतर्फ झालेल्याला आता 50 हजार पौंड मिळतात, छळ सोसलेल्याला त्यावर आणखी 20 हजारांपर्यंत. फॉकलंडच्या युद्धात लढलेल्या एका नौसैनिकाने सांगितलं आहे की त्याच्या गणवेशावरचं पदक कात्रीने कापून घेण्यात आलं होतं. ते परत मिळवायलाही त्याला सरकारवर दावा लावावा लागला.

भारतीय सैन्याचा कायदा याच ब्रिटिश घराण्यातला. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कलम 377 मधून संमतीचे संबंध वगळले, तेव्हा न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं की इतिहासाने या समाजाची माफी मागायला हवी. काही महिन्यांतच, जानेवारी 2019 मध्ये, लष्करप्रमुख बिपिन रावत यांनी सैन्यात हे चालू देणार नाही असं पत्रकारांना सांगितलं. लष्करी कायदा 1950 च्या कलम 46 मध्ये 'अनैसर्गिक' स्वरूपाच्या लज्जास्पद वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.