दोन बिघे आणि एक सुवर्णपदक

‘बक्षीस मिळालं, पण लायकी नव्हती’ अशा सिनेमांची यादी प्रत्येक सिनेमावेड्याच्या खिशात तयार असते. ‘सिटिझन केन’ला मागे टाकून १९४१ सालचं ऑस्कर नेणारा ‘हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली’. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’च्या तोंडचा घास काढून घेणारा ‘शेक्सपिअर इन लव्ह’. ‘ब्रोकबॅक माउंटन’ समोर असताना जिंकलेला ‘क्रॅश’. देशातला विषय निघाला की ‘बाहुबली’. या याद्या मी खूप वाचल्यात, त्यावर रात्री एक-एक वाजेपर्यंत भांडलोयही. पण एक नाव मला कुठल्याच यादीत दिसलं नाही, आणि मराठी माणसाने केलेल्या यादीत तर ते दिसणं शक्यच नाही.

‘श्यामची आई’.

थांबा, लगेच स्क्रीनशॉट काढू नका. तो सिनेमा वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. फक्त ज्या कसोटीवर आपण ‘क्रॅश’ला फाडून खातो, ती कसोटी एकदा आपल्या घरात लावून बघू.

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार पहिल्यांदा १९५४ साली दिले गेले, १९५३ च्या सिनेमांसाठी. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालं. देशातलं पहिलंच सुवर्णपदक मराठीला, हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. त्याच वर्षी स्पर्धेत आणखी एक सिनेमा होता, ज्याला गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावं लागलं. बिमल रॉय यांचा ‘दो बीघा ज़मीन’. हे मात्र कोणी पाठ करून घेत नाही.

मी शेणव्याचा. शहापूर तालुका, ठाणे जिल्हा. कामाच्या दिवशी आधी आसनगाव गाठायचं, मग लोकल. ‘दो बीघा’ मी त्या लोकलमध्ये, फोनवर, तीन दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी पाहिला. शंभूची दोन बिघे जमीन जमीनदाराला गिरणीसाठी हवी असते. शंभू नाही म्हणतो. मग कर्जाचा हिशेब निघतो. शंभूच्या पोराच्या हिशेबाने पासष्ट रुपये, मालकाच्या वहीत दोनशे पस्तीस. कोर्ट तीन महिने देतं आणि शंभू कलकत्त्याला हातरिक्षा ओढायला जातो. एकदा गिऱ्हाईक पुढची रिक्षा गाठायला सांगतं, जोरात पळवलीस तर पैसे जास्त म्हणतं, आणि हा माणूस घोड्यासारखा धावत सुटतो. शेवटी जमीन जातेच. तिथे गिरणी उभी राहत असते. शंभू कुंपणापाशी मूठभर माती उचलतो, तर पहारेकरी तीही टाकायला लावतो.

बिघा हे आमच्याकडचं माप नाही, आम्ही गुंठे आणि एकर मोजतो. बाकी सगळं ओळखीचं वाटलं. आमच्या तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत, तिथलं पाणी मुंबईला जातं, आणि एप्रिल-मे आला की आमच्याच पाड्यांवर टँकर फिरतात. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. उचल आधीच घेतलेली असते आणि ती किती फिटली हे शेठच्या वहीला माहीत. पासष्टचे दोनशे पस्तीस कसे होतात हे समजायला आम्हाला कलकत्ता लागत नाही.

आता प्रश्न. ‘दो बीघा’ असताना ‘श्यामची आई’ त्या पदकाला पात्र होती का?

इथे ‘पात्र’ या शब्दापाशी थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक भांडणं या एका शब्दामुळे लांबतात. कुठल्याही गावात घरकुलाची यादी लागते. एका रकान्यात पात्र, दुसऱ्यात अपात्र. ज्याचं घर खरंच गळतंय तो कागद कमी पडला म्हणून अपात्र ठरू शकतो, आणि ज्याचे कागद चोख तो पात्र. यादी नियमाने बनलेली असते, कोणी लबाडी केलेली नसते, तरी यादीसमोर उभा राहिलेला प्रत्येक जण मनात दुसरी यादी वाचत असतो. म्हणजे पात्रतेचे दोन अर्थ झाले. एक नियमाने मिळणारा हक्क, दुसरी नियमाच्या बाहेरची लायकी. जोएल फाइनबर्ग या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९६३ साली हा फरक नीट मांडला. आमच्याकडे तो कबड्डीच्या मैदानावर रोज मांडला जातो. चांगला संघ शेवटच्या चढाईत हरतो, कप दुसऱ्याला जातो, आणि कपावर हक्क त्याचाच हे कोणी नाकारत नाही. पण परतीच्या वाटेवर लोक कौतुक हरलेल्याचंच करतात.

कबड्डीत निदान गुण असतात. सिनेमात तेही नाहीत, मतं असतात. आणि मतं कशी मोजली यावर निकाल बदलतो. हे माझ्या धंद्यातलं असल्यामुळे थोडं सांगतो, कंटाळा आला तर परिच्छेद सोडा. २०१० च्या सोहळ्यापासून ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पसंतीक्रम लिहून घेतात. कोणालाच निम्म्याहून जास्त पहिली मतं नसतील तर शेवटचा सिनेमा बाद करून त्याची मतं त्या-त्या मतदाराच्या पुढच्या पसंतीला देतात. समजा नऊ मतदार आहेत. चौघांचा ‘क’वर जीव, पण उरलेल्या पाचांना तो अजिबात आवडत नाही. तिघांचा पहिला ‘ख’, दोघांचा पहिला ‘ग’, आणि त्या दोघांची दुसरी पसंती ‘ख’. ‘ग’ बाद, ‘ख’ पाच मतांनी विजयी. ‘क’वर जीव टाकणारे सगळ्यात जास्त होते, जिंकला मात्र जो कोणाला फार खुपला नाही तो. याला अन्याय म्हणायचं का? केनेथ ॲरो यांनी १९५१ साली गणिताने सिद्ध केलं की पर्याय तीन किंवा जास्त असतील, तर साध्या वाटणाऱ्या काही मोजक्या अटी एकाच वेळी पाळणारी क्रमवारीची पद्धत असूच शकत नाही. तेव्हा ‘ऑस्करला कळत नाही’ हे वाक्यच थोडं गंमतशीर आहे. कळायला एक डोकं लागतं, इथे हजारो डोक्यांची बेरीज आहे.

राष्ट्रीय पुरस्कारांचं तसं नाही. तिथे ज्युरी लहान, समोरासमोर बसून ठरवणारी. त्यामुळे ‘कशासाठी दिलं’ हा प्रश्न त्यांना थेट विचारता येतो. आणि मला वाटतं लायकीचा वाद शेवटी इथेच येतो. बक्षीस कशासाठी ठेवलंय हे कळल्याशिवाय कोण लायक ते ठरत नाही.

सरकारने सिनेमाला बक्षीस द्यावं ही कल्पना ज्या चित्रपट चौकशी समितीच्या अहवालातून पुढे आली, तिचे अध्यक्ष स. का. पाटील. अहवाल १९५१ चा. (पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अत्रे आणि पाटील एकमेकांचे हाडवैरी झाले. पाटलांच्या समितीने सुचवलेलं पहिलं सुवर्णपदक अत्र्यांच्या घरी गेलं, याची गंमत त्या दोघांनाही वाटली असेल की नाही कोण जाणे.) सरकारला हवे होते कलेत चांगले आणि शिवाय शिक्षण-संस्कृतीच्या दृष्टीने मोलाचे सिनेमे. नव्या देशाला धडा देणारा सिनेमा हवा होता. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं पुस्तक, वनमालाबाईंची आई, माधव वझेंचा श्याम. यापेक्षा चांगला धडा कुठून आणणार? या अर्थाने ‘श्यामची आई’ शंभर टक्के पात्र होती. आईकडून शिकणारा मुलगा कुठल्याही सरकारला आवडतो. वहीतला हिशेब खोटा आहे म्हणणारा शंभू जरा कमी आवडतो.

म्हणून माझं मत सरळ लिहितो. सिनेमा म्हणून ‘दो बीघा ज़मीन’ मोठा आहे, आणि त्या वर्षीचं पदक त्याला मिळायला हवं होतं. मराठी असून हे लिहायला जड जातं, पण ‘क्रॅश’वर हसणाऱ्याला हे जड गेलंच पाहिजे.

यावर माझ्या एका मित्राचा ठरलेला प्रश्न: ‘मग नुकसान कोणाचं झालं सांग ना?’ प्रश्न चांगला आहे. बिमल रॉय यांचं फारसं काही बिघडलं नाही. ‘दो बीघा’ला १९५४ साली कानच्या महोत्सवात आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी पहिल्यावहिल्या फिल्मफेअरमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मानही. उलट कधीकधी जिंकणाऱ्याचंच नुकसान होतं. ‘हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली’ हा जॉन फोर्डचा खरंच सुंदर सिनेमा आहे, खाणकामगारांच्या घराचा. आज त्याचं नाव फक्त ‘केनला हरवणारा’ म्हणून निघतं. बक्षीस मिळालं नसतं तर लोकांनी तो मोकळ्या मनाने पाहिला असता.

पण नुकसान आणखी एका ठिकाणी होतं, आणि ते मी पाहिलंय. बक्षीस मिळालेली वस्तू पुढची पन्नास-साठ वर्षं मुलांसमोर ठेवली जाते. आमच्या शाळेत २४ डिसेंबरला, साने गुरुजी जयंतीला, टीव्ही आणि सीडी प्लेअर वर्गात आणून ‘श्यामची आई’ लावायचे. २४ डिसेंबर म्हणजे दिवाळी होऊन गेलेली. भट्टीवर गेलेल्या घरांतली मुलं वर्गात नसायची. चार-पाच जागा रिकाम्या, आणि आम्ही बाकीचे श्यामबरोबर रडतोय. ती मुलं मे महिन्यात परत यायची तेव्हा शाळा संपलेली असायची. ‘दो बीघा’ त्या टीव्हीवर कधी लागला नाही. लागला असता तर त्या जागा भरल्या असत्या असं अजिबात नाही. पण त्या रिकाम्या का आहेत हा प्रश्न निदान एखाद्याने मास्तरांना विचारला असता.

यानंतरची यादी मी पटकन उरकतो, कारण त्यात मला तेवढी चुरस वाटत नाही. ‘श्यामची आई’नंतर मराठीला पुन्हा सुवर्ण मिळायला २००३ सालचा ‘श्वास’ यावा लागला. मग ‘देऊळ’, ‘कोर्ट’, ‘कासव’. ‘देऊळ’ने ते ‘ब्यारी’ या सिनेमाबरोबर वाटून घेतलं, आणि ज्याच्या गावात दवाखान्याआधी देवळाचा कळस झालाय त्याला तो का मोठा वाटतो हे सांगायला नको. ‘कासव’बद्दल मित्र म्हणतात, ‘पाहिलाय कोणी?’ हा मला आक्षेप वाटतच नाही. कोणी पाहिला नाही म्हणून तर ज्युरीने बोट दाखवायचं. याच कारणाने ‘बाहुबली’ माझ्या यादीत सगळ्यात वर आहे. सिनेमा कंटाळवाणा नव्हे, आमच्याकडची पोरं टमटम भरून पाहायला गेली होती. पण त्या पदकाने कोणाला काय नवीन सांगितलं? लोकप्रियतेसाठी वेगळा पुरस्कार आहेच, त्या वर्षी तो ‘बजरंगी भाईजान’ला गेला. आदल्याच वर्षी ‘कोर्ट’ निवडणाऱ्या पुरस्काराने पुढच्या वर्षी तिकीटबारीच्या निकालावर नुसता शिक्का मारला. ‘मरक्कार’चा प्रकार आणखी वेगळा. २०१९ सालचं सुवर्ण त्याला मार्च २०२१ मध्ये जाहीर झालं आणि सिनेमा थिएटरात आला डिसेंबरमध्ये. नऊ महिने भांडायलाही जागा नव्हती.

‘श्यामची आई’ मात्र डोक्यातून जाईना, म्हणून तो परत पाहिला. मग पुस्तकही परत काढलं. आणि एक गोष्ट लक्षात आली जी शाळेतल्या टीव्हीने दाखवूनही दिसली नव्हती. श्यामच्या घरावर कर्ज आहे. पुस्तकात सावकाराचा माणूस दारात येऊन आईला नको ते बोलतो, गावात जप्तीची दवंडी पिटली जाते, आणि ती बाई त्या अपमानाने खंगत जाते. शंभूचीच गोष्ट, कोकणातल्या ब्राह्मणाच्या घरातली. पण त्यावर ‘संस्कार’ अशी चिठ्ठी इतकी घट्ट चिकटली की सावकार दिसेनासाच झाला. ‘तळव्यांना माती लागू नये म्हणून जपतोस, तसा मनाला जप’ या आशयाचा तो प्रसंग सगळ्यांना आठवतो, दवंडी कोणाला आठवत नाही. म्हणजे त्या पदकाने ‘दो बीघा’ला मागे ठेवलं एवढंच नाही, तर ज्याला दिलं त्या सिनेमाचाही अर्धा भाग झाकून टाकला.

हे मी आईला सांगितलं. ती सातवी शिकलेली, पुस्तक तिने दोनदा वाचलंय. ती म्हणाली, ‘आम्हाला तर तेवढंच आठवतं. दवंडीवाला दाराशी येतो आणि ती घरात बसलेली असते, ते.’ मग तिने विचारलं, ‘आणि त्या तुझ्या रिक्षावाल्याचे किती होते म्हणालास?’

‘पासष्ट. वहीत दोनशे पस्तीस.’

‘व्याज धरूनही एवढे होत नाहीत,’ ती म्हणाली, आणि बोटांवर मोजायला लागली.