लक्षण आणि निश्चय

चरकसंहितेच्या शारीरस्थानात पाळी न येणे, तोंडाला पाणी सुटणे, अन्नावरची वासना उडणे, ओकारी, आंबट खावेसे वाटणे ही गर्भलक्षणे सांगितली आहेत. न्यायशास्त्राच्या कसोटीवर मात्र यांतले प्रत्येक लक्षण सव्यभिचार, म्हणजे गर्भ नसतानाही आढळू शकणारा, हेतू ठरते: पाळी थायरॉईडच्या विकारानेही चुकते, ओकारी पित्तानेही होते. लक्षणे जुळत गेली तर संभव वाढतो, निश्चय होत नाही. कोणी म्हणेल, लघवीची चाचणी असताना अनुमान कशाला? पण तीही एचसीजी या संप्रेरकावरून केलेले अनुमानच. फार लवकर केली तर गर्भ असूनही नकार देते. मग बाईला स्वतःला जाणवते ते व्यर्थ का? मुळीच नाही. मळमळ तिला प्रत्यक्ष असते, अनुमेय असते ते तिचे कारण. म्हणून तिच्या त्रासावर तत्काळ विश्वास ठेवावा. निदानाला मात्र अवधी द्यावा.