माळाचा सातबारा

नान्नजच्या माळावर गवत फार तर गुडघ्याएवढं वाढतं. कुसळी, पवना, मारवेल. गावाच्या लेखी ही पड जमीन. माळढोकाचं मात्र तेच घर. तो झाडावर बसत नाही, विणीला बहुधा एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर.

1979 साली सरकारनं सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतला 8,496 चौरस किलोमीटर मुलूख माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर केला. त्यात गावं आली, वस्त्या आल्या, पिकती रानं आली. सरकारच्या मालकीचं त्यातलं थोडकंच, बाकी आमच्यासारख्यांचं. सातबाऱ्यावर नाव वडिलांचं, पण तुकडा विकायचा म्हटलं की कचेरीत एकच उत्तर, 'अभयारण्यात येतंय.' बहिणीच्या लग्नाला दोन एकर काढायचे होते, ते निघाले नाहीत, बैलं गेली. वडील म्हणायचे, "मालक मी आन् हुकूम त्यांचा? पाखरू पायजे तर रान इकत घ्या की!"

हा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. पाखरू सगळ्या देशाचं, मग त्याची किंमत एका कोरडवाहू घरानंच का मोजायची? पुढं हे क्षेत्र घटवून 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं. आमची सुटका झाली म्हणा.

पण सुटलेल्या रानांचं काय झालं तेही मी पाहतोय. पाणी आलं तिथं ऊस आला, नाही आलं तिथं ट्रॅक्टर फिरला. त्यात कुणाचा दोष काढू? पोट हाताशी असलेल्याला गवत राखणं परवडत नाही. गवत टिकलं ते बहुतेक वनखात्यानं राखलेल्या तुकड्यांतच. म्हणून सरकारी मालकी मला नकोशी वाटत नाही. फक्त मालकाला आपल्या जमिनीची ओळख हवी. याच माळावर काही ठिकाणी खात्यानं गिरिपुष्पाची झाडं लावली! माळढोकाला चौफेर नजर पोचेल असं मोकळं रान लागतं. गवत म्हणजे पड, हे गावासारखं त्यांनाही वाटलं असणार. आणि ज्या धनगरांना गवताची जात न् जात ठाऊक, ते कुंपणाबाहेर.

आता नान्नजला माळढोक दिसला तर बातमी होते. उरलेसुरले बहुतेक राजस्थानात. काळविटं मात्र रात्री आमच्या हरभऱ्यात येतात. ही कुणाची, असं वनरक्षकाला विचारलं तर म्हणतो, "सरकारची." मग खाल्लेला हरभरा कुणाचा? त्यावर तो पंचनाम्याचा कागद पुढं करतो.