मौन आणि असत्य

इंग्लंडात स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांना खासगी वाहनतळांच्या कंपन्यांची पत्रे येतात; कधी त्यापाठोपाठ काउंटी कोर्टात दावाही दाखल होतो. हे पोलिसांचे चलन नव्हे. गाडी उभी केली म्हणजे फलकावरील अटी मान्य केल्या, असा हा कराराचा दावा असतो. त्याला उत्तर काय द्यावे, हा प्रश्न कायद्याचा तसाच सदसद्‌विवेकाचाही आहे.

रक्कम जाचक वाटते, एवढ्यावरून ती अन्याय्य ठरत नाही. चेम्सफर्ड येथे दोन तास मोफत असलेल्या तळावर एका गृहस्थाची गाडी ५६ मिनिटे अधिक उभी राहिली. त्याबद्दलची ८५ पौंडांची आकारणी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली वैध ठरवली. सात न्यायमूर्तींपैकी एकट्या लॉर्ड टूलसन यांचे मत वेगळे पडले.

खरी गुंतागुंत पुढेच आहे. गाडी कोण चालवत होते हे कंपनीला ठाऊक नसेल, तर २०१२ च्या कायद्यान्वये गाडी ज्याच्या ताब्यात असते त्याच्याकडून वसुली करता येते. मात्र नोटीस ठरल्या रीतीने व मुदतीत द्यावी लागते. नोटिशीत चूक झाली की तो सुटतो. चालक सुटत नाही. आणि चालकाचे नाव खासगी कंपनीला कळवण्याचे बंधन त्याच्यावर नाही. मग ‘चालक कोण ते मी सांगणार नाही’ असे लिहिणे ही लबाडी झाली काय?

आरोपीच्या कर्तव्याचा विचार संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात केला आहे. न्यायाधीशाने अधिकाराच्या मर्यादेत विचारले तर सत्य सांगितलेच पाहिजे. मर्यादेबाहेर विचारले तर गप्प राहता येते. खोटे मात्र कधीच बोलता येत नाही. कंपनी काही न्यायाधीश नव्हे. तिच्यापुढचे मौन मला निर्दोष वाटते. परंतु कोर्टात द्यावयाच्या कैफियतीवर ‘मजकूर सत्य आहे’ अशी सही करावी लागते. स्वतः गाडी चालवून ‘मी चालवत नव्हतो’ असे तेथे लिहिणे हे धडधडीत असत्य, आणि तो न्यायालयाचा अवमानही ठरू शकतो. सुनावणीत न्यायाधीशानेच रीतसर विचारले, तर मौनाचा आडोसाही उरत नाही.

फलक झाडाआड होता, यंत्र बंद होते, तर तसे निर्भयपणे लिहावे, छायाचित्रे जोडावीत. ज्याने फलक वाचला होता आणि ज्याचा सारा बचाव नोटिशीच्या तारखेवर आहे, त्याला कोर्ट कदाचित सोडीलही. देणे फिटले की नाही, हे त्याचे त्यानेच ठरवावे.

कोर्टाचा कागद केराच्या टोपलीत टाकणे मात्र कोणाच्याच हिताचे नाही. दावा बजावल्यापासून १४ दिवसांत, आणि आधी पोच दिली असल्यास २८ दिवसांत, कैफियत द्यावी लागते. न दिल्यास एकतर्फी हुकूम होऊ शकतो. महिन्याभरात पैसे न भरल्यास त्याची नोंद सहा वर्षे राहते, आणि घरासाठी कर्ज मागताना तीच आड येते.